खेड्यातील सौर दिवा आणि त्याचा हप्ता

कर्नाटकाच्या मलनाड भागात शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर, सागर हे तालुके मोडतात. सह्याद्रीचा माथा, दाट झाडी आणि मुसळधार पाऊस यांमुळे हा मुलूख आपल्याकडील तळकोकणातील वाड्यांची आठवण करून देतो. सुपारी हे तेथील प्रमुख नगदी पीक होय. घरे एका ओळीत नसून ज्याचे त्याचे घर आपापल्या बागेच्या कडेस असते, आणि एका घरची हाक दुसऱ्या घरी ऐकू जाईलच असे नाही.

सुपारी-काढणीचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो व शिमग्याच्या सुमारापर्यंत चालतो. दिवसा माणसे झाडांवर चढून घड उतरवितात. लाल सुपारी करावयाची असल्यास हिरवी फळे फार काळ पडू देऊन चालत नाही. ती लगोलग सोलून, उकळून वाळत घालावी लागतात. सोलणीचे हे काम बहुधा रात्री, घरची व शेजारची माणसे एकत्र बसून, धारदार पात्यावर करीत. चिमणीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात अशा पात्याशी चार-पाच तास बसणे म्हणजे काय, हे ज्याने रात्री विळीवर काम केले आहे त्यास वेगळे सांगावयास नको. रॉकेलच्या धुराने डोळे चुरचुरतात, बोटे कापतात आणि उजेड अपुरा पडल्याने कामही मागे पडते.

या बागायतदारांत पैशाची अगदीच वाण होती असे नाही. सुपारी विकली गेली म्हणजे हातात बऱ्यापैकी रक्कम येत असे. परंतु विजेची तार एकेका विखुरलेल्या घरापर्यंत न्यावयाची तर अनेक खांब लागत, आणि जेथे ती पोहोचली होती तेथेही पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की दिवसचे दिवस अंधार असे. सरकारी कागदात मात्र अशी पुष्कळ गावे विद्युतीकरण झालेली म्हणून दाखल होती. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरात आली की ते गाव विद्युतीकृत मानले जाई; पुढे २००४ साली व्याख्या बदलून निदान शेकडा दहा घरांत वीज असावी, अशी अट आली. उरलेल्या नव्वद घरांनी रॉकेल जाळावे, असाच तिचा व्यवहारातील अर्थ होता. २००१ च्या शिरगणतीत ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे ४४ घरांतच विजेचा दिवा लागत असल्याचे आढळले.

अशा घरांना सौर दिवे विकण्याचा धंदा करावयाचा, या उद्देशाने १९९५ साली बंगळूर येथे एक कंपनी स्थापन झाली. सोलर इलेक्ट्रिक लाइट कंपनी हे तिचे पूर्ण नाव असून ‘सेल्को’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. दिवे फुकट वाटण्याचा कोणताही संकल्प तिच्या संस्थापकांनी केला नव्हता. ते विकावयाचे आणि त्यातून कंपनी चालवावयाची, असे त्यांनी प्रारंभीच ठरविले होते.

कंपनीचे संस्थापक

हरीश हंदे यांचा जन्म १९६७ सालचा. घराणे उडुपीकडील, बालपण मात्र ओरिसातील पोलादनगरी राउरकेला येथे गेले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून ऊर्जा-अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते पुढील अभ्यासासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, लोवेल येथे गेले. सूर्याच्या उष्णतेवर चालणारी मोठी वीजकेंद्रे हा त्यांच्या प्रबंधाचा प्रथम ठरलेला विषय होता.

त्याच सुमारास कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताक या लहानशा देशात जाण्याचा योग त्यांना आला. तेथील गरीब खेड्यांतील कुटुंबे स्वतःच्या पैशाने सौर दिवे घेत होती व त्यांचे पैसे थोडेथोडे फेडीत होती, हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर हंदे यांनी प्रबंधाचा विषयच बदलला. खेड्यातील घर, त्याची मिळकत आणि त्याला लागणारा उजेड यांचा अभ्यास करण्यासाठी ते श्रीलंकेतील व भारतातील वीज नसलेल्या खेड्यांत जाऊन राहिले. प्रयोगशाळेत मिळण्यासारखे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. रात्री आठ वाजता खेड्यातील घरात कोण कोठे बसते आणि काय करते, हे मात्र तेथे राहूनच कळण्यासारखे होते.

कंपनी स्थापन करण्यात त्यांचे सहकारी होते नेव्हिल विल्यम्स. हे अमेरिकन गृहस्थ पूर्वी पत्रकार होते व १९९० साली त्यांनी विकसनशील देशांत सौर दिवे पोहोचविण्यासाठी वॉशिंग्टन येथे एक निधी उभारला होता. भांडवल तुटपुंजे असल्याने प्रारंभीचे अनेक संच हंदे यांनी स्वतः घरोघर जाऊन बसविले. छपरावर पॅनेल (ज्यास आपल्याकडे शेतकरी ‘प्लेट’ म्हणतात) ठोकणे, भिंतीवरून तार ओढणे, दिवा लावून दाखविणे आणि पुढच्या आठवड्यात तो अजून लागतो की नाही हे पाहावयास पुन्हा जाणे, ही सर्व कामे त्यात आली. पहिल्या गिऱ्हाइकांत वर सांगितलेल्या सुपारी-बागायतदारांचा भरणा होता.

बँकेच्या दारात

रोख रक्कम मोजून संच घेणारी घरे थोडी असतात आणि ती लवकर संपतात, हे ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही. चार दिव्यांच्या संचाची किंमत त्या वर्षांत पंधरा हजार रुपयांच्या मागेपुढे होती. एवढी रक्कम एकदम काढणे लहान शेतकऱ्यास किंवा मजुरास अशक्य होते. तेव्हा कर्जावाचून मार्ग नव्हता.

बँकेच्या अधिकाऱ्याच्या शंकाही खोट्या म्हणता येत नाहीत. म्हैस घेतली तर ती दूध देते, पंप घेतला तर पीक येते. दिवा काय देतो? कर्ज बुडाले तर छपरावरचे पॅनेल काढून आणून विकावयाचे कोणास? आणि दोन वर्षांनी बॅटरी निकामी झाली व दुरुस्त करणारा भेटला नाही, तर ऋणको हप्ता का भरील? यांपैकी शेवटची शंका सर्वांत महत्त्वाची होती. ज्या वस्तूचा उपयोग थांबला तिचा हप्ता मनुष्य नाखुशीनेच भरतो, व पुष्कळदा भरीतच नाही.

त्यावर कंपनीने दोन उत्तरे दिली. पहिले असे की, हे कुटुंब आज रॉकेल, मेणबत्त्या आणि विजेरीचे सेल यांवर दरमहा खर्च करीतच आहे; तो खर्च वाचून हप्त्याकडे वळेल. दुसरे उत्तर शाखांच्या रूपाने दिले गेले. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कंपनीने आपली सेवाकेंद्रे उघडली आणि तेथे त्याच भागातील, तीच बोली बोलणारी मुले तंत्रज्ञ म्हणून नेमली. पहिल्या वर्षाची देखभाल विनामूल्य ठेवली. दिवा विझल्याचा निरोप आला की मोटारसायकलवरून कोणीतरी घरी येतो, हे बँकेच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचे मन वळविणे काहीसे सोपे झाले.

धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक ही असे कर्ज देण्यास आरंभी पुढे आलेल्या बँकांपैकी एक होय. (२००५ साली ती कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत विलीन झाली.) सिंडिकेट बँक, कॅनरा बँक व त्यांच्या पुरस्काराने चालणाऱ्या ग्रामीण बँका मागोमाग आल्या. धर्मस्थळ येथील ग्रामीण विकास प्रकल्पाने आपल्या स्वसाहाय्य गटांमार्फत सौर दिव्यांसाठी कर्जे दिली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा व सिंडिकेट या दोन बँकांच्या साहाय्याने एक योजना आखली. तीत दिव्याच्या किमतीवर सूट न देता कर्जाच्या व्याजात सूट दिली गेली आणि बारा टक्क्यांच्या आसपास असलेले व्याज प्रथम पाच टक्क्यांवर आले. पुढे ही सूट क्रमाक्रमाने काढून घेण्यात आली. ही योजना एकट्या सेल्कोसाठी नव्हती, अन्य विक्रेत्या कंपन्याही तीत होत्या. तिच्यातून सोळा हजारांहून अधिक घरांत सौर दिवे लागले.

व्याजातील या फरकाचा परिणाम शेतकरी बंधूंना हिशेबाने अधिक स्पष्ट होईल. पंधरा हजारांच्या संचापैकी शेकडा पंधरा, म्हणजे २,२५० रुपये, ऋणकोने प्रथम भरले असे धरू. राहिलेले १२,७५० रुपये पाच वर्षांत फेडावयाचे झाल्यास बारा टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे २८४ रुपये पडतो. पाच टक्के व्याजाने तो २४१ रुपयांवर येतो. महिन्याकाठी ४३ रुपयांचा हा फरक लहान दिसतो, पण रॉकेलचा वाचणारा खर्च आणि हप्ता यांची तोंडमिळवणी पुष्कळदा एवढ्याच रकमेसाठी अडते.

महिन्याचे तीनशे आणि रोजचे दहा

हप्ता किती, यापेक्षा तो केव्हा भरावयाचा, या प्रश्नाने कंपनीस अधिक शिकविले. हंदे स्वतः अनेक ठिकाणी एका फेरीवाल्या बाईची हकीगत सांगत आले आहेत. महिन्याला तीनशे रुपये भरणे आपणास झेपणार नाही, पण रोजचे दहा रुपये आपण देऊ शकतो, असे तिने सांगितले. हिशेबास दोन्ही रकमा एकच आहेत. पण ज्या घरात मिळकत रोज संध्याकाळी येते व रोजच खर्च होते, तेथे तीस दिवस पैसे राखून ठेवण्यास जागा नसते. मध्येच मूल आजारी पडते, पाहुणा येतो, आणि साठविलेले दोनशे रुपये निघून जातात. बँकेच्या नियमास महिना सोयीचा असतो. या बाईस तो सोयीचा नव्हता.

याच्या नेमके उलट सुपारी-बागायतदाराचे. त्यास रोज दहा किंवा दरमहा तीनशे मागणे गैरसोयीचे. सुपारी विकल्यावर वर्षाची रक्कम तो एकदम भरू शकतो. दूध घालणाऱ्याचे पैसे सहकारी संघाकडून ठरावीक मुदतीने येतात, त्याचा हप्ता त्या मुदतीस बांधावा. शेतमजुराचे काम सुगीत वाढते व उन्हाळ्यात घटते, त्याच्या हप्त्यातही तशीच वाढघट असावी. एकाच गावातील चार घरांस चार प्रकारचे हप्ते लावावयाचे म्हणजे बँकेचे काम वाढते, ही गोष्ट खरी आहे. परंतु कर्ज बुडाल्यावर वाढणाऱ्या कामापेक्षा ते कमीच असते.

रोजच्या वसुलीची कल्पना त्या किनाऱ्यास मुळीच नवी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. उडुपी येथे १९२५ साली स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ‘पिग्मी’ ठेवीची पद्धत सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारोदार फिरून दोन-दोन आणेदेखील गोळा करीत असे. आज महाराष्ट्रातील पतसंस्थांचे पिग्मी-एजंट करतात ते काम याच जातीचे. ठेव गोळा करण्यास जी रीत चालते ती कर्जफेडीसही चालावी, यात नवल ते काय! (ही सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली.)

बंगळूरमधील रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी याच विचाराची पुढची पायरी गाठली गेली. ज्यांस कर्ज मिळणेही कठीण, त्यांच्यासाठी एखाद्या होतकरू माणसाने एका ठिकाणी पॅनेल बसवून दिवसभर बॅटऱ्या भरावयाच्या आणि सायंकाळी दिव्यासह त्या हातगाड्यांवर भाड्याने पोहोचवावयाच्या, अशी योजना झाली. विक्रेत्याने भाजी विकली की त्या रात्रीचे भाडे द्यावयाचे. यात कर्ज घेतले ते बॅटऱ्या भरणाऱ्याने. दहा-वीस गाड्यांची रोजची मिळकत हेच त्याच्या कर्जास तारण.

पडता काळ

सर्व काही सुरळीत चालले असे समजण्याचे कारण नाही. २००४ नंतर जर्मनीमध्ये सौर वीज विकत घेण्याचा दर कायद्याने चढा ठेवल्यामुळे तेथे पॅनेलना अतोनात मागणी आली. पॅनेल ज्या शुद्ध सिलिकॉनपासून बनतात त्याचाच जगभर तुटवडा पडला व किमती उतरावयाच्या त्या चढू लागल्या. जर्मनीतील सधन घरांच्या छपरांशी स्पर्धा करण्याची पाळी शिरसीच्या छपरांवर आली. पॅनेल महागले, पण ज्याचा हप्ता आधीच काटेकोर बसविला आहे अशा गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे मागता येईनात. कंपनी तोट्यात गेली. पुढे तिच्या भांडवलाची नव्याने मांडणी करून, झटपट नफ्याची घाई नसलेले गुंतवणूकदार घेऊन ती सावरली. या काळात सेवाकेंद्रे बंद करून खर्च वाचविण्याचा मोह होणे साहजिक होते. पण तसे झाले असते तर आधी विकलेल्या हजारो दिव्यांचा वाली कोणी उरला नसता, आणि बँकांनी पुन्हा दार उघडले नसते.

२००५ व २००७ साली इंग्लंडमधील ॲश्डन पारितोषिके कंपनीस मिळाली. २०११ साली हरीश हंदे यांस रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला, तेव्हा एक लाख वीस हजार घरे, लहान व्यावसायिक व सार्वजनिक जागा यांत कंपनीचे दिवे लागलेले होते. त्याच वर्षी हा पुरस्कार मिळविणाऱ्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा याही होत्या. खेड्यातील स्त्रियांचे बचतगट व त्यांस मिळणारे लहान कर्ज हा त्यांच्या कामाचा पाया. दिव्याच्या कामात आणि गोधडीच्या कामात शेवटी त्याच एका प्रश्नाची गाठ पडावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोणाचा दिवा कसा

गरजेप्रमाणे दिवा घडविणे, हा या कामातील सर्वांत रंजक भाग होय. रेशीम-किडे पाळणाऱ्यास रात्री उठून तुतीचा पाला घालावा लागतो. किड्यांस धूर व उग्र वास सोसत नाही, म्हणून रॉकेलचा दिवा तेथे नुकसानीचा. त्यास थोडा परंतु निर्धूर उजेड पुरतो. फुले तोडणाऱ्या बायका पहाटेपूर्वी मळ्यात शिरतात. कळी उमलण्याआधी खुडली तरच तिला बाजारात भाव मिळतो. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दिवा कपाळावर बांधण्याजोगा केला. सुईणीस रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरी जावे लागते, तेव्हा तिचा दिवा हलका, हातात धरण्याजोगा आणि कोठेही टांगता येईल असा पाहिजे. स्वयंपाकघर व माजघर यांत एकाच वेळी उजेड लागत नसेल तर दोन दिव्यांऐवजी एकच दिवा घेऊन तो लावण्याच्या जागा दोन ठेवाव्या. संच लहान होतो, हप्ता उतरतो.

शाळकरी मुलांसाठी केलेली योजना विशेष उल्लेखनीय आहे. पॅनेल शाळेच्या छपरावर बसवितात. मुलाने डब्याएवढी बॅटरी सकाळी दप्तरासोबत शाळेत न्यावयाची, वर्ग चालू असता ती भरते, व सायंकाळी घरी नेऊन दिवा लावावयाचा. मूल शाळेत गेले नाही तर त्या रात्री घरात तो दिवा नाही. पोरास गुरांमागे धाडू पाहणाऱ्या घरातही मग आईच त्यास शाळेत पिटाळू लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

२०१७ साली केंद्र सरकारची सौभाग्य योजना सुरू झाली व त्यानंतर बहुतेक घरांपर्यंत तार पोहोचली. यामुळे केवळ दिव्यासाठी सौर संच घेण्याची निकड कमी झाली. मात्र तारेत वीज असणे आणि कामाच्या वेळी वीज असणे यांत अंतर राहते, हे रात्रपाळीने पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. म्हणून अलीकडे या कामाचा रोख रोजगाराच्या साधनांकडे वळला आहे. शिलाईयंत्र, लोहाराच्या भात्याऐवजी पंखा, दोन-चार गाई असणाऱ्यासाठी दूध काढण्याचे यंत्र अशी साधने सौर विजेवर बसविली जात आहेत. आडगावच्या आरोग्यकेंद्रांत प्रसूतीच्या खोलीतील दिवा व लसींची शीतपेटी यांसाठीही संच बसविले गेले आहेत. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरी करून विकण्याचा धंदा स्त्रिया करतात. हाताने थापावयाच्या म्हणजे दिवसाकाठी भाकऱ्यांच्या संख्येस मर्यादा पडते व खांदे भरून येतात. त्यांच्यासाठी भाकरी लाटण्याचे यंत्र सौर विजेवर चालविले गेले. येथे दिवा काय देतो, ही बँकेची जुनी शंका उरत नाही. किती भाकऱ्या जास्त विकल्या जातील आणि त्यातून हप्ता कसा निघेल, एवढाच हिशेब उरतो.

संचाची पारख व निगा

महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के, हिस्सा भरावयाचा असतो. त्यामुळे पॅनेल आता अनेक शेतांत दिसू लागले आहे. पंप असो वा घरचा दिवा, घेताना एक चौकशी टाळू नये: बिघाड झाल्यास येणारा माणूस कोणत्या गावी राहतो व किती दिवसांत येतो. फुकट किंवा मोठ्या सुटीत मिळालेले सौर दिवे दोन-तीन वर्षांत बंद पडून खांबावर नुसते लटकत राहिल्याचे दृश्य पुष्कळ गावांस परिचित आहे. त्यांत पॅनेल सहसा बिघडलेले नसते. बॅटरी मेलेली असते आणि ती बदलणे कोणाचेच काम नसते.

घरगुती संचाचे गणित अवघड नाही. चाळीस वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण १६० ते २०० वॅट-तास वीज देते. तार, बॅटरी यांतील गळती वजा जाता सव्वाशेच्या आसपास हाती लागते. सात वॅटचे चार दिवे रोज चार तास लावल्यास ११२ वॅट-तास खर्च होतात, म्हणजे मेळ बसतो. आताच्या एल.ई.डी. दिव्यांस याच्या निम्म्याहूनही कमी वीज पुरते, म्हणून जुन्या संचात केवळ दिवे बदलले तरी बॅटरीवरील ताण बराच उतरतो. बारा व्होल्टची चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तर अशा घरास दोन ढगाळ दिवस निभावते. मलनाड वा कोकणातील आषाढ-श्रावणात सलग आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा चारांऐवजी दोनच दिवे लावावेत, बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये. चार्ज कंट्रोलरची पेटी मधून काढून टाकून बॅटरीस थेट तार जोडण्याची युक्ती शेजारी सांगतात. तिने त्या रात्रीपुरता दूरदर्शनसंच चालतो खरा, पण बॅटरीचे आयुष्य मात्र घटते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, किंचित उतरते बसवावे. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात त्यावर माडाची वा सुपारीची सावली पडता कामा नये. एका कोपऱ्यावर पडलेल्या सावलीनेही सबंध पॅनेलची वीज मोठ्या प्रमाणावर घटते. धूळ व पक्ष्यांची विष्ठा साध्या पाण्याने व मऊ फडक्याने, ऊन चढण्यापूर्वी, पुसून काढावी.

शिसे-आम्लाची बॅटरी नीट वापरल्यास चार-पाच वर्षे टिकते. पाच वर्षांचे कर्जही त्याच सुमारास फिटते, हा योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेवटचा हप्ता भरून घर सुटकेचा निःश्वास टाकते, तोच बॅटरी बदलण्याचा खर्च पुढे उभा राहतो. त्यासाठी चौथ्या वर्षापासूनच थोडी रक्कम पिग्मीत किंवा बचतगटात बाजूस टाकीत जावे. अलीकडे मिळणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या अधिक टिकतात. घेताना त्या महाग पडतात. जुनी बॅटरी अंगणात फोडून शिसे काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, ते विष लहान मुलांच्या अंगी लवकर भिनते. ती विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्या मोडीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून मिळतात.

मृगाच्या आधी एकदा छपरावर चढून पॅनेलचे नटबोल्ट घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे, तारांचे जोड चिकटपट्टीने झाकावेत, आणि बॅटरी झाकण उघडून पाणी घालण्याच्या प्रकारची असल्यास तीतील पाण्याची पातळी तपासावी. पाणी विहिरीचे किंवा नळाचे घालू नये. दुकानात बॅटरीचे पाणी म्हणून मिळते तेच खुणेपर्यंत घालावे. पाऊस संपल्यावर, सुपारी उतरण्यापूर्वी, हीच तपासणी पुन्हा एकदा करावी.